वाकडं अक्षर

गार्गीनं ओळ पुन्हा बिघडवली. 'पैनगंगा'तला अनुस्वार गळला होता, 'देते'वरची एक मात्रा उडाली होती, आणि शेवटचे शब्द रेघ सोडून खाली घसरले होते. अनुपमानं वही उचलली, पाहिली आणि परत लेकीपुढे ठेवली.

ओळ तिनंच जुळवली होती. 'पैनगंगा सगळ्यांना पाणी देते, कोणाचं नाव विचारत नाही.' रोजची अशी एक ओळ म्हणजे त्यांच्या घरातली शाळा. सकाळी देवापुढे दिवा लागला की प्रार्थना व्हायची. मग अनुपमा फळ्यावर ओळ लिहायची, मुलं ती पाहून वहीत उतरवायची, आणि दिवसभराचा अभ्यास त्या ओळीतूनच निघायचा. नदी कुठून निघते, कुठे जाते, हा भूगोल. कळशीत किती तांबे पाणी मावतं, हे गणित. संध्याकाळी बालाजीच्या देवळात तीर्थ घेताना पाण्याला हात का जोडायचे, तेही त्यातच. लग्नाआधी ती साखरखेर्ड्याला शिक्षिका होती. आपली मुलं मात्र घरी, देवाचं नाव घेत, सावकाश शिकतील असं तिनं ठरवलं होतं. मेहकरला तहसील कचेरीत कारकून असलेल्या शेखरनं, तिच्या नवऱ्यानं, कधी अडवलं नाही. मुलं खरोखरच शिकत होती.

तेव्हा फळ्यापुढे दोघं बसायची, गार्गी आणि तिचा मोठा भाऊ सोहम. मागच्या पावसाळ्यात सोहम तापानं गेला. मोठ्या दवाखान्यात नेता नेता, गाडीतच. नऊ वर्षांचा होता.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी अनुपमानं फळा पुसून नवी ओळ लिहिली. थांबली असती तर ती पुन्हा उठली नसती. पण गार्गी तेव्हापासून बिघडत गेली. नैवेद्याचा पेढा आरतीआधीच खाऊन टाकायची. प्रार्थनेच्या वेळी मुद्दाम पाय आपटायची. शेजारच्या रुख्मिणीकाकूंची तुळस तिनं उपटली आणि तोंड वर करून सांगितलं, मी नाही. आणि अक्षर तर पाहवेना. अनुपमानं तिचे डोळे तपासून आणले. डोळे चांगले होते.

"शाळेत घालू तिले," शेखर काल म्हणाला होता. "या घरात जिकडे पाहावं तिकडे सोहम आहे. लेकरू काय करन?"

"माह्याकडून होऊन नाही राह्यलं, असंच ना?"

"तसं नाही, अनु."

पण सोमवारी नाव घालायचं ठरलं. म्हणून आज सकाळपासून अनुपमा हट्टाला पेटली होती. निदान एक ओळ तरी सरळ यावी.

"पुन्हा लिही," ती म्हणाली आणि वरण पाहायला आत गेली. परत येताना ती दारातच थांबली. गार्गी पाटीवर लिहीत होती. मान तिरकी, जिभेचं टोक ओठाबाहेर. पाटीवर ती सगळी ओळ उतरली होती, काना-मात्रेसकट, एका रेषेत, सुरेख. गार्गीनं ती क्षणभर पाहिली. मग तळहातानं घाईघाईनं पुसली, वही ओढली आणि तेच शब्द वेडेवाकडे खरडू लागली.

अनुपमाचा हात उठला तो तिलाही कळला नाही. चापट पोरीच्या गालावर बसली.

"मुद्दाम करतं? माह्या जिवावर उठली का तू? काऊन करतं असं?"

गार्गी रडली नाही. तिनं आधी देवघराकडे पाहिलं आणि मग आवाज अगदी बारीक केला.

"चांगलं लिहिलं तं देव मले नेईन."

"काय?"

"दादाचं अक्षर चांगलं होतं. तो खोटं नाही बोलायचा. तूच तं सांगितलं होतं, चांगले लेकरं देवाले आवडतात, म्हणून तो त्याहिले लवकर बोलावते." तिनं आईचा पदर धरला. "मी गेली तं बाबा ऑफिसात जाईन. तू दिवसभर घरात एकटीच राहशीन ना, आई."

अनुपमा खाली बसली. आत वरण उतू जात होतं, तिनं ते ऐकलं आणि ती हलली नाही. सोहमला नेल्यावर, दारात बायका जमलेल्या असताना, ही पोर पदर ओढून ओढून विचारत होती, दादा कुठे गेला. तेव्हा तिनं ते सांगितलं होतं. पोरीला सांगता सांगता स्वतःलाही सांगितलं होतं. देवानं त्याला निवडून नेलं, हे एवढंच धरून ती तेव्हापासून उठत होती, दिवा लावत होती, जेवत होती. ते सोडलं तर हातात काहीच उरणार नव्हतं.

तिनं गार्गीला मांडीवर ओढलं.

"देवानं नाही नेलं त्याले," ती म्हणाली. एकेक शब्द तोंडातून ढकलावा लागत होता. "ताप आला होता. लय ताप. आपल्याले उशीर झाला, अन् सोहम मेला. चांगला होता म्हणून नाही. काऊन मेला, ते मले माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही."

त्या घरात 'मेला' हा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता. अनुपमा तो स्वतःच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो तेराव्यापर्यंतसुद्धा निघाला नव्हता.

गार्गी तिचं रडणं थांबेपर्यंत मांडीवरच बसून राहिली. मग तिनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मंग आता मी चांगली झाली तं चालते?"