एक बाण बाकी

चार वाजून वीस मिनिटांनी नकाशावर एकच बाण लावायचा राहिला होता.

बाकीचे एक्क्याण्णव लागले होते. माणसं घरात एकमेकांना का मारतात, याचा तो नकाशा. एकट्यादुकट्या शास्त्राला तो झेपत नाही, म्हणून दवाखान्याने तीन शास्त्रं एका खोलीत कोंडली होती: मेंदूचे डॉक्टर, समाजशास्त्राच्या बाई आणि एक तरुण गणिती. तिघांनी माना डोलावल्या तरच बाण लागायचा. चौथ्या खुर्चीत आणखी एक जण होती. तिच्यापुढच्या पाटीवर लिहिलं होतं, 'अनुभवी सदस्य'. भर उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून आली होती. तिला थंडी वाजत असणार, असं समजून गणितीने सकाळीच पंखा बंद केला होता.

तिला बाणांशी काही देणंघेणं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर सहा खाटांची एक खोली होती, मार खाऊन आलेल्या बायकांसाठी. त्यातली एक खाट तिची. नकाशा पाचच्या आत तिघांच्या सह्या आणि दवाखान्याच्या शिक्क्यासकट तळमजल्यावरच्या खिडकीत पोचला, तर अनुदान मंजूर होऊन खोली चालू राहणार. नाहीतर उद्या कुलूप. दुपारी नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. "उद्या येतो न्यायला," तो म्हणाला होता, अगदी प्रेमाने.

राहिलेला बाण 'अपमान' आणि 'मारहाण' यांच्यामधला होता. टोक कुठल्या बाजूला काढायचं, एवढंच ठरायचं होतं.

"अपमान होतो म्हणून माणूस मारतो," डॉक्टर म्हणाले. "मेंदूत स्पष्ट दिसतं ते."

"मारायची मुभा असते, म्हणून अपमान वाटतो," बाई म्हणाल्या.

"दोन्हीकडे टोक काढू या की," गणिती म्हणाला. "फेरा तयार होतो, स्वतःच स्वतःला पोसतो. समीकरण काय गोड येतं!"

"तू गप रे, बेरजेच्या," दोघं एका सुरात म्हणाले. विनाचर्चा झालेलं हे दिवसातलं पहिलंच एकमत.

"आणि डॉक्टर," बाई म्हणाल्या, "मेंदूत दिसतं म्हणता, पण तुमच्या मेंदूत मला तरी काही दिसत नाहीये."

डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

आवाज चढतो तेव्हा काही होत नाही, उतरतो तेव्हा होतं, हे तिघांपैकी कुणाच्याच शास्त्रात नव्हतं. चौथ्या खुर्चीतली ती उठली. टेबलावरचा काचेचा जग कपाटात ठेवला, कात्री आपल्या पिशवीत टाकली, खिडकी लावून घेतली.

"आवरताय होय? थँक्यू हं, ताई," गणिती म्हणाला.

डॉक्टरांनी बाईंना धरून फळ्यावर आपटलं. बाईंनी नकाशा दाखवायची काठी त्यांच्या कानावर हाणली. कानाची पाळी फाटून लोंबायला लागली. "बघा, फेरा पूर्ण झाला!" गणिती आनंदाने ओरडला आणि बघायला जरा जास्तच जवळ गेला. डॉक्टरांनी त्याचं बोट उलटं वाकवलं. काडकन आवाज झाला. दुसऱ्या हाताने त्याने प्रोजेक्टर भिरकावला. नेम डॉक्टरांवर होता, बसला बाईंच्या भुवईवर. त्याचं गणित चांगलं होतं, नेम नव्हता. मग फळा खाली आला.

तिने फळ्याखालून नकाशा अलगद ओढून घेतला आणि घडी केली.

"माझा तसा हेतू नव्हता," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "यांनीच मला..."

"हात उचलायला लावला," तिने वाक्य पुरं करून दिलं. तिला ते पाठ होतं. "चला, खाली. डोकं मागे टाकू नका बाई, रक्त घशात जातं."

अपघात विभागातल्या नर्सने मान वर केली नाही. "कशाने लागलं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दार," डॉक्टर म्हणाले.

"मलाही दारच," बाई म्हणाल्या.

"तेच," गणिती म्हणाला. "त्याच दाराचं."

नर्सने पेन उचललंच नाही. रोज तेच ते लिहून हात दुखतो, म्हणून तिने शिक्काच करून घेतला होता: 'दारावर आपटून'. थाप, थाप, थाप.

तिने घडी केलेला नकाशा नर्सच्या टेबलावर उलगडला. "तुमचं एकमत झालंच आहे, तर इथेही सह्या करा."

"पण त्या बाणाचं टोक?" डॉक्टर म्हणाले.

"ते मी बघते. तुम्ही कान धरा."

तिघांनी सह्या केल्या. गणितीने डाव्या हाताने. पाच वाजायला चार मिनिटं होती आणि दवाखान्याचा शिक्का मोठ्या साहेबांच्या कपाटात होता. साहेब साडेचारलाच घरी गेले होते.

"माझ्याकडे हा एवढाच आहे," नर्स म्हणाली.

"दवाखान्याचाच ना?"

"दवाखान्याचाच."

थाप.

ती धावत खिडकीशी पोचली तेव्हा कारकून बाई फळी ओढत होत्या. त्यांनी कुरकुरत कागद आत घेतला. सह्या मोजल्या. शिक्का वाचला. पुन्हा वाचला. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं, तिच्या बाह्यांकडे पाहिलं.

"बाण राहिलाय एक," त्या म्हणाल्या.



कारकून बाईंनी आपली बाही मनगटापर्यंत खाली ओढून घेतली आणि कागद 'मंजूर'च्या ट्रेमध्ये टाकला.