जाड मुठीची सुई

"बायकोचा अंगठा दुखतो. डॉक्टर म्हणाले, क्रोशाचं विणकाम बंद करा," मी लोकर-दोऱ्याच्या दुकानातल्या बाईंना सांगितलं. तीस वर्षं तिने टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना झालरी लावल्या आणि तीस वर्षं मी त्यांना हसलो.

"बारीक दोऱ्याला जाड मुठीची सुई घ्या. पण कोणती सोसेल ते विणल्याशिवाय कळायचं नाही," म्हणत बाईंनी मला साखळी घालायला शिकवलं. चार सुयांनी माझा अंगठा दुखला, पाचवीने नाही.

घरी बायकोने पिशवीतून सुई काढली, मग माझी वाकडी साखळी.

"हे काय?"

"सुईची चाचणी."

एक टाका चुकला तरी अख्खी ओळ उसवणारी ती, तिने यातलं काही उसवलं नाही. नव्या सुईने साखळीला झालर विणली आणि टीव्हीवर टाकली.

आता बातम्या देणाऱ्यांची कपाळं दिसत नाहीत. अंगठ्याची तक्रार नाही. माझीही नाही.