खिडकीजवळची खाट

आईला हलवून हलवून लेक दमली, पण आई डोळे उघडेना.

"झोपेची गोळी आहे ना त्यांना," ट्रेमध्ये औषधांच्या वाट्या लावत शुश्रूषागृहातली नर्स म्हणाली.

"आईला? तिला फक्त डायबेटिसच्या गोळ्या आहेत!"

"खिडकीजवळच्या खाटेला झोपेचीच येते, ताई."

लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. उजेड हवा म्हणून आईने सोमवारी शेजारच्या आजींशी खाट बदलली होती. "अहो, गोळ्या माणसाला देता की खाटेला?"

आवाज ऐकून मॅनेजर धावत आले. "कशाला आकाशपाताळ एक करताय? झोपच लागली ना? जिवावर तर नाही बेतलं?"

"आणि आईच्या डायबेटिसच्या गोळ्या? त्या कुणाच्या पोटात गेल्या?"

नर्सचा चेहरा पांढराफटक पडला. ती पलीकडच्या खाटेकडे बघत राहिली. त्या खाटेवर आता नुसती गुंडाळलेली गादी होती. शेजारच्या आजी काल पहाटे झोपेतच गेल्या होत्या. डायबेटिस त्यांना कधीच नव्हता. वय झालं होतं, असंच सगळ्यांना सांगितलं गेलं.

तेवढ्यात त्या आजींचा मुलगा सामान न्यायला आला. आपल्या आईची पिशवी उचलून त्याने मॅनेजरांपुढे हात जोडले. "फार उपकार झाले तुमचे. शेवटपर्यंत तिची एकही गोळी चुकू दिली नाहीत."

मॅनेजरांनी लेकीला डोळ्यांनीच दटावलं.



"दादा, पिशवी ठेवा खाली," ती म्हणाली. "आधी माझ्याबरोबर पोलिसांत चला."