इथे पाणी येत नाही

"इथे पाणी कधी घरात शिरलंय का?" डेनीसनं विचारलं. तिचा एक हात खिडकीच्या चौकटीवर होता, दुसरा पोटावर. दिवस भरत आले होते.

घरांची दलाल वँडा लॅडनरनं हातातले कागद चाळले. "नाही," ती म्हणाली. "इथे पाणी येत नाही."

डेनीसनं नवऱ्याकडे पाहिलं. कॉर्डेल जहाजांच्या गोदीत वेल्डर होता, मोजकं बोलणारा. त्यानं मान डोलावली आणि घर विकलं गेलं, हे वँडानं ओळखलं. मिसिसिपीच्या या किनाऱ्यावर घरं विकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. माणसं हो कधी म्हणतात, हे तिला त्यांच्याआधी कळायचं.

घर ऑटिस नेकेजचं. आयुष्यभर कोळंबीच्या होडीवर राबलेला माणूस. बायको गेल्यावर त्यानं घर मुलाच्या नावावर करून दिलं, आणि आता मुलगा ते विकून बापाला जॅक्सन शहरात आपल्याकडे नेणार होता. म्हाताऱ्याचं मुलापुढे काही चालेना. मग तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा आणि घर बघायला येईल त्याला सांगायचा की मोठ्या वादळात पाणी पार खिडक्यांपर्यंत चढलं होतं. बायकोचं शिवणयंत्र स्वयंपाकघरात तरंगत होतं. भिंतींचा वास जायला वर्ष लागलं. ऐकता ऐकता लोकांचे चेहरे उतरायचे, आणि फाटकाबाहेर गेलेली गाडी पुन्हा यायची नाही.

वँडानं मुलाला फोन करून विचारलं. बाबा आपल्याला असलं काही बोलले नाहीत, असं तो म्हणाला. पण तो तेव्हा समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला होता, त्याला काय ठाऊक, असं वँडाला वाटलं. त्याच वादळात तिच्या आईचं घर गेलं होतं. ऑटिस भिंतींच्या वासाबद्दल बोलायचा तेव्हा तो वास तिच्या नाकात भरायचा. तिनं त्याच्या शब्दाशब्दावर विश्वास ठेवला.

पण उन्हाळाभर तिचं एकही घर विकलं गेलं नव्हतं. म्हणून डेनीस आणि कॉर्डेल यायच्या दिवशी तिनं आपल्या भावाला गळ घातली. तो ऑटिसला सकाळीच मासे धरायला खाडीत घेऊन गेला. म्हातारा दुपारी परत आला तो टोपलीभर मासे घेऊन, खुशीत. व्हरांड्यात हातात हात घेऊन उभं असलेलं जोडपं त्यानं पाहिलं, मग वँडाकडे पाहिलं. वादळाची गोष्ट न काढता तो मासे साफ करायला मागे गेला. त्या नजरेपुढे वँडाला उभं राहवेना. फोन आल्याचं निमित्त करून ती गाडीत जाऊन बसली.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात वादळ आलं. किनारा रिकामा करा, असा हुकूम सुटला. वँडा किनाऱ्यापासून लांब हॅटीसबर्गला बहिणीकडे गेली. निघण्याआधी तिनं डेनीसचा नंबर काढला. निघा, एवढंच सांगायचं होतं. पण डेनीसनं का म्हणून विचारलं तर? हुकूम सगळ्यांनाच आहे, ते निघालेच असतील, अशी मनाची समजूत घालून तिनं फोन पर्समध्ये टाकला. बहिणीनं वाढलेलं ताट तिनं बाजूला सारलं. तिच्या पोरांना पावासारखी गरम बिस्किटं ग्रेव्हीत बुडवून खाताना बघत ती नुसती बसून राहिली.

रस्ता उघडला तशी ती निघाली. खाडीकडच्या गल्लीत चिखल गुडघाभर होता. घराघरांतून भिजलेल्या गाद्या बाहेर पडल्या होत्या, लोक फावड्यानं गाळ ओढत होते. तिनं गाडी लांबच ठेवली आणि बूट चढवून चालू लागली. काय बोलायचं ते तिनं वाटेत दहादा ठरवलं आणि दहादा विसरली.

ऑटिसचं घर शिंपल्यांचे ढीग साचून झालेल्या जुन्या उंचवट्यावर होतं. चिखल पायऱ्यांच्या खालीच थांबला होता. व्हरांडा कोरडा होता. तिथे डेनीस मांडीवर बाळ घेऊन बसली होती, आणि शेजारी कॉफीचा पेला धरून ऑटिस. मुलाच्या मागे लागून तो जॅक्सनहून नुकताच येऊन पोचला होता.

डेनीस उठून वँडाच्या गळ्यातच पडली. "सगळी गल्ली निघून गेली, मिस वँडा. कॉर्डेल म्हणाला, आपणही जाऊ. मी म्हटलं, एवढ्याशा बाळाला घेऊन कुठे फरफटायचं? मिस वँडांनी सांगितलंय, इथे पाणी येत नाही. तुमच्या शब्दावर थांबलो आम्ही."

बाळानं वँडाचं बोट धरलं. तिनं ते सोडवून घेतलं. बसायलाही ती थांबली नाही, दुसऱ्या घरांकडे जायचंय असं काहीतरी पुटपुटत पायऱ्या उतरली. ऑटिस काठी टेकत तिच्या मागोमाग फाटकापर्यंत आला.

"हे घर कधीच बुडालं नव्हतं, पोरी," तो हळूच म्हणाला. "माझ्या बायकोनं इथे जीव सोडला. मला विकायचं नव्हतं, म्हणून थापा मारत होतो."

वँडानं फाटक घट्ट धरलं. वर्षभर छातीवर असलेला दगड एकदम उतरला. तिला हसू येतंय की रडू, तेच कळेना.

"म्हणजे, मिस्टर ऑटिस, मी त्यांना खरं तेच सांगितलं होतं."

"खरं तेच सांगितलंस," म्हातारा म्हणाला. "फक्त ते खरं आहे, हे तुला आज कळलं."