डबल बेल

"साबण, बॅटरी, दोरी, मध, कात्री. पाच वस्तू उचला आणि काउंटरवर या," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पायलटच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला.

खोलीत नुसती फरशी. भिंतीवरच्या पडद्यावर मात्र अख्खं दुकान, पायलटला दिसत होतं तेच.

बसच्या ड्रायव्हरला डेपोत पायलटच म्हणतात. मंगळवारी या पायलटची भरलेली बस एकेरी रस्त्यात उलटी घुसली होती. आज स्मरणशक्तीच्या या चाचणीत पास झाला तर सोमवारी पुन्हा स्टिअरिंग. नाहीतर कायमचा घरी.

मागच्या खुर्चीत मास्तर. बावीस वर्षं त्याच बसचा कंडक्टर. मांडीवर स्टीलची बाटली, हातात किल्ली.

साबण. घेतला.

बॅटरी. घेतली.

दोरीही घेतली.

मग चहाच्या पुड्यांसमोर पायलट रेंगाळला. हात वर गेला.

टण टण.

डबल बेल. चल. हात खाली आला, पायलट पुढे सरकला. मधाच्या बाटल्या आल्या, मागे पडायला लागल्या.

टण.

थांबला. मध घेतला.

"अहो, ती किल्ली ठेवा ना जरा."

"हात शिवशिवतात, मॅडम. जुनी खोड."

टण टण. टण.

कात्री.

"पाचपैकी पाच! काका, तुम्ही तर कमाल केलीत."

मास्तरने कपाळावरचा घाम पुसला. पायलटने चष्मा काढला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"परत घ्या, मॅडम. नवीन यादी द्या. आणि याला बाहेर बसवा."

"डोकं फिरलंय का तुझं?" मास्तर दातओठ खात पुटपुटला.

"तेच तर बघायला आलोय."

"अरे, सोमवारी ड्यूटी..."

"पन्नास माणसं बसतात रे आपल्या भरवशावर. ऊठ."

मास्तर उठला. दार लागलं. दाराला काच होती, म्हणून तो तिथेच उभा राहिला.

नवीन यादी. पुन्हा पाच वस्तू.

पहिली घेतली.

दुसरी...

पायलट थांबला. एक हात हवेत. मान किंचित मागे वळलेली, कान दाराकडे.

पडद्याच्या कोपऱ्यातले सेकंद पळत राहिले.

काचेबाहेर मास्तरची किल्ली बाटलीपासून दोन बोटांवर येऊन थांबली होती.