वृद्धाश्रमाची लिफ्ट

फादर, लबाडी तुमची होती आणि तिला तुम्ही नाव दिलंत नम्रता. वृद्धाश्रमाच्या जुन्या लिफ्टच्या दोरातल्या तारा तुटायला लागल्यात, हे मी तपासून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "रविवारी बिशप येतायत आश्रमाच्या उद्घाटनाला. सही करा, मिस्त्री. नम्र माणूस हुज्जत घालत नाही."

मी मान खाली घालून लिफ्ट ठीक असल्याच्या दाखल्यावर सही केली. बायको म्हणाली, "देवापुढे वाकलात की फादरपुढे?" तिलाच गप्प बसवलं. रविवारी तुम्ही वेदीवरून म्हणालात, नम्रता या मिस्त्रीकडून शिका. सगळ्यांनी वळून पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं.

आज तुम्ही स्वतःच्या आईला वृद्धाश्रमात ठेवायला आणलंत. तिची चाकाची खुर्ची लिफ्टपाशी थांबवलीत आणि माझ्या कानाशी येऊन विचारलंत, "मिस्त्री, हिला जिन्यानेच उचलून नेऊ या का?"

लिफ्टला आता मी कुलूप ठोकलंय. किल्ली माझ्या खिशात आहे. मागायला याल तेव्हा आधी उत्तर द्या. अकरा म्हाताऱ्या आठवडाभर याच लिफ्टने वर-खाली करत होत्या, तेव्हा तुम्हाला जिना का नाही आठवला? आणि मला?