समोरचा वारा

मुलगा टपालाचं छोटं विमान उडवायचा. त्याचा रोजचा मार्ग आईच्या घरावरूनच होता, पण विमान काही अंगणात उतरवता येत नाही, आणि रजा मिळायची ती वर्षातून एकदा. म्हणून आई गच्चीत उभी राहून हात हलवायची आणि संध्याकाळी फोनवर भांडायची.

"आज धड बघूही दिलं नाहीस. आलास काय, गेलास काय!"

"अगं, वारा पाठीमागून होता. विमान हवेतून रोजच्याच वेगाने जातं, पण हवाच पुढे पळत असली की खालचं घर झर्रकन मागे पडतं."

"आणि वारा समोरून असला तर?"

"तर इंजिन तेवढंच राबतं, पण जमीन सरकता सरकत नाही. उशीर होतो आणि साहेबांची बोलणी खावी लागतात."

"खा की मग. माझी खातोसच."

दुसऱ्या दिवशी विमान इतकं खालून आणि इतकं सावकाश आलं, की तिला खिडकीत हलणारा त्याचा हात दिसला. मध्येच डोळे पुसून पुन्हा बघायलाही वेळ मिळाला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आज समोरून काय वारा होता, आई! चांगलाच उशीर झाला."

"हो रे, इथेही फार होता," ती म्हणाली.

फोन ठेवून ती वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेली. वीटभट्टीच्या उंच धुराड्यातला धूर सकाळपासून होता तसाच, काठीसारखा सरळ आभाळात चढत होता.